रात्रभराचा कापडी लंगोट आणि त्यावर लोकरीची चड्डी

दिवसा कापडी लंगोट वापरणारे बरेच आईबाप रात्री मात्र हात टेकतात. दिवसा दोन-अडीच तासांनी लंगोट बदलता येतो. रात्री बाळाने सलग झोपावं म्हणून आपण धडपडत असतो, त्यामुळे एकच लंगोट नऊ-दहा तास अंगावर राहतो आणि पहाटे पाठीपर्यंत भिजलेलं झबलं, ओली गादी आणि रडणारं बाळ असा सगळा प्रकार होतो. यावर एक जुना आणि खरोखर चांगला उपाय आहे: आत भरपूर शोषणारा कापडी लंगोट आणि त्यावर शुद्ध लोकरीची, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) मुरवलेली चड्डी. प्लास्टिकचा थर नाही की रबर नाही. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि तो रास्तही आहे. विणलेल्या लोकरीला तर भोकं असतात, मग शू बाहेर कशी येत नाही?

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की पुढचं सगळं आपसूक उलगडतं. लोकर वापरून बघून कंटाळलेल्या बहुतेकांनी लोकरीकडून प्लास्टिकचं काम मागितलेलं असतं. ते तिला जमत नाही. तिचं काम वेगळं आहे आणि ते ती फार छान करते.

आधी थोडा हिशेब करू. तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे तासाला साधारण १ ते २ मिलिलिटर लघवी होते. म्हणजे ८ किलोच्या बाळाला १० तासांत ८० ते १६० मिलिलिटर. रात्रीतून अनेकदा दूध पिणाऱ्या बाळाला यापेक्षा जास्तही होते. आता लोकरीचं बघू. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के इतकी वाफ पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. हा गुण विलक्षण आहे, पण चड्डीचं वजन समजा १०० ग्रॅम असेल, तर तिच्यात अशी ३० ग्रॅमच्या आसपास ओल मावेल. रात्रभराची सगळी शू तिच्यात मावणं शक्यच नाही. शू धरून ठेवायची ती आतल्या लंगोटानेच. लोकरीने ती अडवायची नसते की साठवायचीही नसते. लंगोटातून वर येणारी वाफ बाहेर सोडायची, आणि कडेला चुकून आलेला थेंब सहजासहजी पार होऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम.

हे ती कसं करते ते बघायला एका धाग्याच्या आत शिरावं लागेल. लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. आपले केस आणि नखंही त्याचीच असतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्या खवल्यांवर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो. हा थर वरून चोपडलेला नसतो, तो तंतूला रासायनिक बंधाने घट्ट धरलेला असतो. द्रवरूप पाणी या थरावर पसरत नाही, थेंब होऊन बसतं. पण पाण्याची वाफ म्हणजे सुटे सुटे रेणू. ते खवल्यांच्या फटींतून आत जातात आणि आतल्या प्रथिनाला चिकटतात, कारण तंतूचा गाभा पाण्यावर लोभ असलेला आहे. बाहेरून पाणी नाकारणारा आणि आतून वाफ ओढून घेणारा असा दुहेरी स्वभाव दुसऱ्या कुठल्या कापडात सहज सापडत नाही. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लोकरीत तिच्या वजनाच्या १४ ते १६ टक्के ओल असते, सुती कापडात ७ ते ८ टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नसते. शिवाय वाफ शोषताना लोकर थोडी उष्णता सोडते, म्हणून लंगोट ओला झाला तरी वरून गारठा जाणवत नाही.

बाळाच्या अंगाची ऊब लंगोटातल्या ओलीची थोडी थोडी वाफ करत राहते. आतली हवा दमट आणि खोलीतली त्यामानाने कोरडी, म्हणून ही वाफ लोकरीतून बाहेरच्या दिशेने सरकते. प्लास्टिकच्या आवरणात ती आतच कोंडते आणि कातडी रात्रभर वाफेत राहते. हल्लीच्या कापडी डायपरवर पॉलिएस्टरला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं कापड असतं. ते जुन्या रबरी चड्डीपेक्षा कितीतरी बरं, पण वाफ सोडण्यात लोकरीची बरोबरी त्याला साधत नाही. सकाळी लोकरीची चड्डी बाहेरून जरा दमट लागते ती याचमुळे. तिला गळती समजू नका. चादर ओली झाली असेल तर ती गळती.

रबरी आणि प्लास्टिकच्या चड्ड्या येण्याआधी युरोप-अमेरिकेत लंगोटावर लोकरीचीच विणलेली चड्डी चढवत असत. १९४६ च्या सुमारास अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराच्या पडद्याचं कापड कापून लंगोटावरची चड्डी शिवली, पुढे त्यात सुधारणा केल्या आणि १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यानंतर वापरून फेकायच्या डायपरचा काळ आला आणि लोकरीची चड्डी अडगळीत गेली. ज्यांना रात्रीच्या पुरळाने आणि गळतीने हैराण केलं, त्यांच्यामुळे ती परत वापरात आली आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आतला लंगोट. माझं ठाम मत आहे की रात्रीच्या यशात लोकरीपेक्षा लंगोटाचा वाटा मोठा आहे, आणि पैसे किंवा मेहनत घालायची तर आधी इथे घालावी. रात्रीच्या लंगोटाला दोन गोष्टी जमाव्या लागतात: एकदम आलेली शू झटकन ओढून घेणं आणि एकूण खूप शू धरून ठेवणं. या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि एकाच कापडात दोन्ही उत्तम असतीलच असं नाही. बाळ जसं मोठं होतं तशी त्याची मूत्राशयाची पिशवी मोठी होते. वयाच्या वर्षांत २ मिळवून ३० ने गुणलं की मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावतात त्याचा अंदाज येतो. एक वर्षाच्या मुलाला ९० आणि दोन वर्षांच्या मुलाला १२० मिलिलिटर. तान्हं बाळ थोडं थोडं करत राहतं, तर दीड-दोन वर्षांचं मूल काही तास कोरडं राहून एकदम मोठी शू करतं. म्हणून सहा महिने नीट चाललेला लंगोट अचानक गळायला लागतो. त्याची धरून ठेवण्याची ताकद तेवढीच असते, मुलाची शू करण्याची पद्धत मात्र बदललेली असते.

सुती कापड या बाबतीत मध्यममार्गी आहे. बऱ्यापैकी लवकर शोषतं, बऱ्यापैकी धरतं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. बांबूचं म्हणून विकलं जाणारं कापड म्हणजे बांबूच्या लगद्यापासून बनवलेला व्हिस्कोस. ते सुतीपेक्षा मऊ असतं आणि जास्त शोषतं, पण वाळायला वेळ घेतं आणि लवकर विरतं. हेम्प म्हणजे भांगवर्गीय झाडाच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्याचं कापड. ते सावकाश शोषतं, पण पातळ असूनही खूप धरून ठेवतं. त्यामुळे त्याची जागा सगळ्यात खाली, लोकरीच्या बाजूला. वरचं सुती किंवा बांबूचं कापड शू झटकन घेतं आणि ती खालच्या हेम्पमध्ये निवांतपणे उतरते. उलटं रचलं, म्हणजे हेम्प कातडीच्या बाजूला ठेवलं, तर शू वरच थबकते आणि मांडीच्या कडेने वाट काढते. मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, फार वेगाने शोषतं पण दाबलं की तितक्याच वेगाने सोडतं, आणि थेट कातडीला लागलं तर ती कोरडी पाडतं. रात्रीसाठी ते न घेतलेलं बरं.

लंगोट चौकोनी कापडाचा असो, जाड घडी शिवलेला असो किंवा चड्डीसारखा बेतून मांड्यांना इलॅस्टिक लावलेला असो, रात्रीसाठी सगळे चालतात. शेवटच्या प्रकारात शोषणारं कापड कमरेभर सगळीकडे असतं, म्हणून कुशीवर झोपणाऱ्या मुलाला तो सोयीचा. पोटावर लोळणाऱ्या मुलाला पुढे जादा घडी हवी. मुलग्यांनाही पुढे, मुलींना मधोमध. मुलग्याचा लंगोट बांधताना शिश्न खालच्या दिशेने आहे ना हे बघायला विसरू नका. ते वर राहिलं तर कितीही थर घाला, शू कमरेतून पोटावर येणारच.

नवं सुती कापड लगेच वापरलं तर ते शू शोषत नाही, उलट ती त्याच्यावरून घरंगळते, कारण कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. चार-पाच वेळा गरम पाण्यात साबणाने धुऊन वाळवलं की कापड तयार होतं, हेम्पला आणखी काही धुण्या लागतात. कापड मऊ करणारं सुगंधी द्रावण लंगोटाला कधीच लावू नये. ते तंतूवर तेलकट थर चढवतं आणि शोषण मारतं.

आपल्या बाळाला नेमकं किती शोषण लागतं ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. रात्री कोरडा लंगोट त्याच्या सगळ्या थरांसकट तोला, सकाळी ओला तोला. फरक ग्रॅममध्ये जितका, तितके मिलिलिटर शू. दोन-चार रात्री असं केलं की आकडा हातात येतो. मग तोच लंगोट ताटात पसरून मोजून पाणी ओता, हाताने हलका दाब द्या आणि कितव्या मिलिलिटरला पाणी सुटतं ते बघा. बाळाची गरज १८० आणि लंगोटाची धाव १५० असेल तर कितीही भारी लोकर त्यावर चढवली तरी गादी ओली होणार. गरजेपेक्षा निदान तिसरा हिस्सा जास्त शोषण ठेवावं, कारण झोपलेल्या बाळाचा भार लंगोटावर पडतो आणि त्याची सगळी क्षमता वापरली जात नाही.

यानंतर येतात पाझरण्याच्या दोन वाटा. पहिली दाबाची. लोकर पाण्याला विरोध करते, पण पाण्याची तोंडबंद पिशवी ती नाही. गच्च भिजलेल्या लंगोटावर सतत दाब पडला तर द्रव तिच्यातून ढकलला जातो. म्हणून लोकरीवर घट्ट पायजमा नको. लांब पायांची लोकरीची विजार असेल तर तीच रात्रीची विजार, वरून काही घालायचं कारण नाही. चड्डी तोकडी असेल तर वरून सैल काहीतरी. दुसरी वाट कापडाने चढणाऱ्या ओलीची. सुती झबल्याचं टोक लोकरीच्या आत खोचलं गेलं तर ते लंगोटाला टेकतं आणि दिव्यातल्या वातीसारखी ओल वर ओढायला लागतं. पहाटे झबलं छातीपर्यंत भिजलेलं आणि चड्डी मात्र बरी, असं दिसलं की कारण हेच. झबलं नेहमी लोकरीच्या बाहेर राहिलं पाहिजे. तसंच मांडीपाशी लंगोटाची बोटभर कडसुद्धा चड्डीबाहेर डोकावता कामा नये. लंगोट बांधून झाल्यावर चड्डीच्या मांडीच्या काठाखाली बोट फिरवून सगळं कापड आत सारायचं, हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग पहाटेचं चादर बदलणं वाचवतो. कमरेला दोन बोटं सहज शिरतील इतकी ढील ठेवा. घट्ट असेल तर दाब वाढतो, आणि बाळाच्या पोटावर वळ उठतात ते वेगळंच.

आता लॅनोलिन. मेंढीच्या कातडीतल्या तैलग्रंथींतून हा पदार्थ पाझरतो आणि तिची लोकर पावसात भिजू देत नाही. दिसायला आणि हाताला चरबीसारखा असला तरी रासायनिक दृष्टीने तो मेणाच्या जातीचा आहे. कातरलेली कच्ची लोकर सूत काढण्याआधी गरम पाण्यात आणि साबणात धुतात, तेव्हा तो बहुतेक निघून जातो, एखाद्या टक्क्याहूनही कमी शिल्लक राहतो. धाग्याला घट्ट धरलेला मूळचा पातळ थर त्यानंतरही टिकतो, पण रात्रीच्या कामाला तेवढा पुरत नाही. म्हणून विकत आणलेल्या किंवा विणलेल्या चड्डीत लॅनोलिन परत मुरवावं लागतं.

औषधी दर्जाचं शुद्ध लॅनोलिन घ्या. स्तनपान करणाऱ्या आया दुखऱ्या स्तनाग्रांना लावतात ते मलम बहुतेक वेळा हेच असतं, पण वेष्टन वाचून त्यात दुसरं काही नाही ना याची खात्री करा. एका चड्डीला मोठ्या वाटाण्याएवढं पुरतं. नव्या कोऱ्या चड्डीला दुप्पट. एका पेल्यात खूप गरम पाणी घ्यायचं, त्यात लॅनोलिनची गोळी टाकायची. ती साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते, पण नुसती वितळून भागत नाही. पाण्यावर पिवळसर तेलाचे डोळे तरंगताना दिसतील, कारण मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून त्यात बाळाच्या शांपूचे किंवा लोकरीसाठीच्या सौम्य साबणाचे काही थेंब घालून चमच्याने जोरात ढवळायचं किंवा पेल्यातलं पाणी बाटलीत ओतून बाटली हलवायची. पाणी एकसारखं दुधाळ झालं आणि वर एकही डोळा उरला नाही की जमलं. डोळे राहिले तर चड्डीवर तेवढ्याच जागी चिकट डाग बसतात आणि बाकीचा भाग कोरडा राहतो.

हे दुधाळ पाणी एका घमेल्यात कोमट पाण्यात ओता. कोमट म्हणजे मनगटाला ना गरम ना गार लागेल इतपत. आधी साध्या कोमट पाण्यात ओली केलेली चड्डी उलटी करून त्यात बुडवा, म्हणजे लंगोटाकडची बाजू पाण्याच्या थेट संपर्कात राहील. दोन-तीन तास पुरतात, रात्रभर ठेवली तर उत्तमच. पाणी हळूहळू नितळ होत जातं. लॅनोलिन लोकरीत गेल्याची ती खूण आहे. नंतर पिळायचं नाही. जाड टॉवेलवर पसरायची, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि त्यावर गुडघ्याने किंवा हाताने भार द्यायचा. मग सावलीत आडवी पसरून वाळवायची. दोरीवर लोंबकळत टाकली तर ओल्या लोकरीच्या वजनाने ती लांबते. वाळायला एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून घरात निदान दोन चड्ड्या हव्यात, तीन असतील तर धांदल होत नाही. नवीन चड्डीला हा सोहळा लागोपाठ दोन-तीनदा करावा लागतो. चड्डी हाताला किंचित मेणचट लागली तर ठीक, चिकट लागली तर लॅनोलिन जास्त झालं. ते एक-दोन रात्रींत आपोआप बसतं.

मुरलं की नाही हे तपासायला बोटाने पाण्याचा एक थेंब आतल्या बाजूला सोडा. तो मोत्यासारखा गोल बसून राहिला तर चड्डी कामाला तयार आहे. हळूहळू पसरून आत जिरला तर पुन्हा लॅनोलिन हवं. तारखा लक्षात ठेवण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

लोकरीची चड्डी रोज धुवायची नसते, हे ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्यामागे कारण आहे. शू लंगोटात राहते, चड्डीपर्यंत पोहोचते ती बहुतांशी वाफ. शिवाय केराटिनमध्ये आम्लाला धरणारे आणि अल्कलीला धरणारे असे दोन्ही प्रकारचे गट असतात, त्यामुळे अमोनियासारखे वायू लोकर बांधून ठेवते आणि हवेवर टाकली की वास ओसरतो. म्हणून सकाळी चड्डी उलटी करून मोकळ्या हवेत पसरायची, संध्याकाळी परत वापरायची. दोन-चार आठवड्यांनी, किंवा वाळल्यावरही वास राहायला लागला की धुवायची. शी लागली तर मात्र ताबडतोब, फक्त तेवढा भाग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने.

धुताना लोकरीचे शत्रू ओळखून असावं. नेहमीच्या कपड्यांच्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं पचवणारे विकर (एन्झाइम) असतात. दूध आणि रक्ताचे डाग घालवण्यासाठी ते उत्तम, पण लोकर स्वतःच प्रथिन असल्याने ते तिलाच खातात. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. धुण्याचा सोडा अल्कधर्मी, तोही नको. लोकरीसाठीचा खास द्रव साबण, बाळाचा शांपू किंवा रिठ्याचं पाणी चालतं. पाणी ३० अंशांपेक्षा गरम नको, चोळणं नको, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकणं तर नकोच. उष्णता, घुसळण आणि तापमानातला धक्का एकत्र आले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि चड्डी आकसून नमद्यासारखी घट्ट होते. ते परत उलगडत नाही. काही जण मुद्दाम नमदा केलेल्या लोकरीच्या चड्ड्या शिवतात, कारण दाट झालेली लोकर पाणी जास्त रोखते. तो जाणूनबुजून केलेला प्रकार असतो आणि मापही त्या हिशेबाने मोठं घेतलेलं असतं.

आतले लंगोट मात्र मुळीच नाजूक नाहीत. सकाळी रात्रीचा लंगोट आधी साध्या पाण्यात खळबळून काढा, मग ६० अंशांच्या पाण्यात पुरेशी पावडर घालून धुवा. सुती कापडाला ते विकर काहीच करत नाहीत, उलट डाग काढतात. लंगोट आणि लोकर एकत्र यंत्रात जाता कामा नयेत, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

कातडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. ताजी शू कातडीला फारशी त्रासदायक नसते. पण तिच्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि कातडीचा नेहमीचा किंचित आम्लधर्मी स्तर अल्कलीकडे सरकतो. शीमध्ये मेद आणि प्रथिनं पचवणारे विकर असतात, ते अल्कधर्मी वातावरणात जास्त जोमाने काम करतात. शू आणि शी एकत्र आली की पुरळ लवकर उठतं ते यामुळे. म्हणून नियम सरळ आहे: शू असेल तर रात्रभर राहू द्या, शी झाली तर कितीही वाजले असोत, उठून बदला. ज्या वयात रात्री शी होते, म्हणजे अगदी पहिल्या काही महिन्यांत, तेव्हा एकच लंगोट रात्रभर ठेवण्याचा विचार करू नये.

लोकर हवा खेळती ठेवते, पण सुती लंगोट ओला तर ओलाच लागतो. काही मुलांना ते अजिबात सहन होत नाही. त्यांच्यासाठी आतून पातळ फ्लीसचा तुकडा ठेवावा. फ्लीस पॉलिएस्टरचं असतं, शू त्यातून खाली जाते आणि ते स्वतः कोरडं राहतं. पुरळासाठी झिंक ऑक्साइडचं मलम लावत असाल तरी हा तुकडा हवाच, नाहीतर मलम लंगोटाला बसून त्याचं शोषण कमी करतं. चट्टे दोन-तीन दिवसांत कमी झाले नाहीत, घड्यांमध्ये लालभडक पसरत गेले, भोवती सुटे लाल ठिपके दिसले किंवा पाण्याने भरलेले फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. घड्यांतली लाली आणि सुटे ठिपके बऱ्याचदा बुरशीचे असतात, त्याला औषध वेगळं लागतं.

लॅनोलिन सगळ्यांना मानवतंच असं नाही. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साठी त्याची त्या वर्षीचा लक्षवेधी ॲलर्जीकारक म्हणून निवड केली होती. बहुतेक बाळांना काहीही होत नाही, पण ज्यांना इसब आहे त्यांच्या बाबतीत जपून. चड्डी थेट अंगाला फारशी लागत नाही, कंबर आणि मांड्यांचे काठ तेवढे लागतात, आणि लालसरपणा दिसला तर तिथेच दिसतो. टोचण्याचा प्रश्न निराळा. ती ॲलर्जी नसते, जाड तंतूंची टोकं कातडीला बोचतात. मेरिनो मेंढीची लोकर बारीक, साधारण २४ मायक्रॉनच्या आतली असते, म्हणून तिचे काठ मऊ लागतात.

खोलीत उकाडा असेल तेव्हा लोकर घालावी का? घालता येते. लोकर ऊब देते खरी, पण घामाची वाफही बाहेर सोडते. अशा वेळी लांब विजारीऐवजी तोकडी, पातळ विणीची चड्डी आणि वर जवळजवळ काहीच नाही, असं करावं. बाळाच्या मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं कारण नसतं, बाळांचे ते तसे असतातच.

लोकर निवडताना एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. लोकरीच्या नावाने मिळणाऱ्या विणायच्या गुंड्यांमध्ये ॲक्रिलिक भरपूर असतं. दिसायला तसंच, स्वस्त, रंगीत, आणि या कामाला अगदी निरुपयोगी, कारण ते वाफ शोषतच नाही म्हटलं तरी चालेल. शंका असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवून बघा, अर्थात भांड्यावर धरून आणि मुलांपासून लांब. खरी लोकर अनिच्छेने जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि काळी राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. यंत्रात धुता येईल असं लिहिलेली लोकरही या कामाला नको. तिच्यावर खवले झिजवण्याची प्रक्रिया केलेली असते आणि त्यात धाग्यावरचा तो मूळचा स्निग्ध थरही जातो, मग पाणी तिच्यात भराभर शिरतं. जुना शुद्ध लोकरीचा स्वेटर घरात असेल तर त्याच्यातून सुंदर चड्डी निघते. बाह्यांची विजार होते आणि अंगाच्या भागातून तोकडी चड्डी. शू जिथे येते तिथे लोकरीचा दुसरा थर आतून शिवावा.

ठेवणीतल्या चड्ड्या मात्र धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसर म्हणजे कपड्यांच्या पतंगाची अळी केराटिन खाते, आणि घाम किंवा शूचा अंश असलेली लोकर तिला विशेष आवडते.

सगळं करूनही गळती झाली तर सकाळी कापडं धुवायला टाकण्याआधी नीट बघा, कारण ओल कुठे आहे तेच कारण सांगते. लंगोट शेवटच्या टोकापर्यंत, मागून पुढून गच्च भिजला असेल तर शोषण कमी पडलं, एक थर वाढवा. लंगोटाचा मागचा अर्धा भाग कोरडा आणि पुढून गळती असेल तर थर पुरेसे आहेत, पण चुकीच्या जागी आहेत किंवा वरचं कापड शू वेगाने घेत नाही. मांडीच्या काठालाच ओल असेल तर कापड बाहेर डोकावलं असणार. चड्डीचा एकच गोल भाग ओलाकंच आणि तिथे थेंबाची परीक्षा फसते आहे, तर लॅनोलिन संपलं. झबलं वरपर्यंत ओलं, तर ते आत खोचलं गेलं होतं. आणि शोषण इतकं वाढवलंय की बाळाला पाय जवळ आणता येत नाहीत, तरी पहाटे गळतंच आहे, तर आणखी थर घालू नका. तुम्ही स्वतः झोपायला जाताना, बाळ गाढ झोपेत असतानाच, मंद उजेडात एकदा लंगोट बदला. लोकर तीच राहू द्या, आतलं तेवढं कोरडं करा. बहुतेक मुलं त्यात जागीही होत नाहीत.